मुठीचा डबा

आमच्या घरी चुलीच्या डाव्या अंगाला एक गाडगं असायचं. आम्ही पोरं त्याला देवाचं गाडगं म्हणायचो, आई नुसतं 'मुठीचं' म्हणायची. पहाटे जात्यावर बसायच्या आधी ती सुपातली एक मूठ बाजरी त्यात टाकायची, मग दळण. शनिवारी संध्याकाळी गाडगं फडक्यात रिकामं व्हायचं आणि रविवारी ते गाठोडं देवळात जायचं. देऊळ म्हणजे चर्च. आमच्या नगर भागात ख्रिस्ती माणूसही देऊळच म्हणतो, शहरातल्या पाहुण्यांना त्याचं नवल वाटतं.

देवळाच्या कोपऱ्यात गोडेतेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा ठेवलेला असायचा. बाया आपापली गाठोडी त्यात ओतायच्या. बाजरी वेगळी, ज्वारी वेगळी, गव्हाला छोटा डबा, कारण गहू खाणारी घरं तेव्हा मोजकीच. उपासना झाली की खजिनदार मापट्यानं मोजायचे, वहीत लिहायचे, आणि आठवड्याच्या बाजारात ते धान्य विकलं जायचं. आलेल्या पैशातून सुवार्तिकमामांचा पगार निघायचा. मामा पायात टायरच्या चपला घालून वाड्यावस्त्यांवर हिंडायचे. भजनं म्हणायचे, पोरांना अक्षरं शिकवायचे, कुणाचं पत्र लिहून द्यायचे, कुणाचं वाचून दाखवायचे. हे आमचे घरचे मिशनरी. पगार कसला म्हणा, महिन्याला थोडे पैसे आणि चार-पाच पायल्या धान्य.

आमचं गाव नेवासे तालुक्यातलं. जवळच वडाळ्याला अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं होतं, त्यामुळे या पट्ट्यात बऱ्याच गावांत एखादी ख्रिस्ती आळी आहेच. ही अमेरिकन माणसं १८१३ साली मुंबईत आली आणि १८३१ साली नगरला त्यांनी बस्तान मांडलं. त्यांना पाठवणारी संस्था बोस्टन शहरातली. तिच्याकडे पैसा यायचा तो काही सगळा शेटसावकारांचा नव्हता. खेड्यापाड्यातले शेतकरी, विधवा बाया, रविवारच्या शाळेतली पोरं, असे थेंब थेंब देणारे लोक होते. १८५६ साली तिकडच्या पोरांनी दहा-दहा सेंट जमवून पॅसिफिक महासागरातल्या बेटांसाठी 'मॉर्निंग स्टार' नावाचं मिशनचं जहाज बांधून दिलं. पाळकसाहेबांनी लहानपणी ही गोष्ट आम्हाला सांगितली, तेव्हा आम्ही पोरांनी आठवडाभर बाभळीच्या शेंगा विकून पैसे जमवले होते. जहाज काही झालं नाही, पण देवळाला एक कंदील झाला.

आमचे पूर्वज महारवाड्यातले. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर या भागातली पुष्कळ घरं ख्रिस्ती झाली, त्यात आमचंही. त्यामुळे 'धान्यासाठी बाटलेले' हे शब्द आम्ही ऐकतच मोठे झालो. पुढं दूधपावडरीचे डबे आले तर 'पावडरवाले' झालो. मला वाटतं, आमच्या बायांच्या मुठीमागं देवाच्या भक्तीइतकाच हाही एक सल असावा. आजोबा तर उघडच म्हणायचे, "घेतलं म्हणत्यात ना? मग देऊन दाखवा." १९०५ च्या नाताळात बंगालातल्या सेरामपूरला (आमच्या शेजारचं श्रीरामपूर नव्हे) भारतातल्या ख्रिस्ती लोकांनी स्वतःचा राष्ट्रीय मिशनरी समाज काढला. माणसं इथली, पैसाही इथला, असं त्यांचं म्हणणं. आमच्या नगरच्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर १९१७ साली मिशनची पगाराची नोकरीच सोडून दिली. आमच्या आजोबांना या गोष्टी तारखांसह माहीत नसतील, पण त्यांचा वारा खेड्यापर्यंत आला होता एवढं खरं.

तर गाडगं. १९७२ साली मी तेरा वर्षांचा. बाहत्तरचा दुष्काळ ज्यांनी काढला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी काढला नाही त्यांना सांगून कळत नाही. विहिरींनी तळ गाठला. आई-दादा दोघं खडी फोडायला जायचे. रेशनला तांबडा मिलो यायचा, त्याची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात रुतायची. शाळेत सुकडी मिळायची, ती मी बहिणीसाठी खिशात भरून आणायचो, वाटेत निम्मी मीच खायचो. अशा दिवसांतही आईचं गाडगं चालू होतं. मूठ लहान झाली होती एवढंच. आधी भरलेली मूठ असायची, आता चिमटीला मोठी म्हणावी अशी.

एके दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं. मी गाडग्यात हात घातला. ओंजळभर मिलो निघाला, तो तव्यावर भाजला आणि उभ्या-उभ्याच खाल्ला. मग घाबरलो. गाडग्याच्या तळाला बारीक वाळू टाकून वर उरलेले दाणे पसरले. तेरा वर्षांच्या पोराची अक्कल!

शनिवारी आईनं गाडगं फडक्यात ओतलं. वाळू खळकन पडली. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहिलं. ती सूप घेऊन बसली, वाळू पाखडून काढली, आणि म्हणाली, "भूक लागली तर खायचं. पर वाळू न्हाई घालायची. तिकडं मामाच्या पोरांच्या दाताखाली आली असती." एवढंच. दादांना तिनं सांगितलं नाही. पण पुढचे आठ-दहा दिवस ती जेवताना भाकरीचा चतकोर आधीच बाजूला काढून ठेवायची आणि म्हणायची, मला आज भूक नाही. मला हिशेब कळत होता. मी तेव्हापासून हिशेबात पक्का झालो असं म्हणायला हरकत नाही.

दहावी झालो १९७५ ला. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची परीक्षा आली, त्या पहिल्याच बॅचचा मी. पुढं शिकायला पैसा नव्हता आणि पाटाचं पाणी शिवाराला येऊ लागलं होतं, म्हणून शेतीत पडलो. त्याच सुमारास आक्काचं ठरलं.

आक्का म्हणजे माझी चुलत बहीण, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. चुलता लवकर गेला, काकूनं शेण्या थापून तिला वाढवलं. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात ती नर्सिंग शिकली. तिथं काही वर्षं काम केलं. लग्न जमवायचा प्रयत्न आम्ही केला, जमलं नाही, आणि तिनंही फारसं जमू दिलं नाही. मग एके दिवशी पत्र आलं की नेपाळात तानसेन म्हणून डोंगरातलं गाव आहे, तिथं युनायटेड मिशनचं हॉस्पिटल आहे, तिथं परिचारिका पाहिजेत, मी जाते. पाठवणारी संस्था खर्चाचा काही भाग देईल, बाकीचा तिच्या मंडळीनं उचलावा.

पंचांची बैठक बसली. महिन्याला चाळीस रुपये द्यायचे ठरले. चाळीस रुपये! १९७७ साली आमच्या देवळाची रविवारची थाळी तीन-चार रुपयांवर जात नव्हती. पण त्या बैठकीत कुणी नाही म्हटलं नाही, कारण काकू दारात बसली होती. पाठवणीच्या उपासनेला सगळ्यांनी आक्काच्या डोक्यावर हात ठेवले. मी अठरा वर्षांचा, मीही ठेवला. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता आणि ती रडत नव्हती, बाकी सगळे रडत होते.

मामा थकून घरी बसले होते, त्यामुळे मुठीचं धान्य आता आक्कासाठी. पण चाळीस रुपये मुठीनं पुरे होत नव्हते. मग हंगामाच्या रविवारचा लिलाव वाढवला. ज्यांनी हा लिलाव पाहिला नाही त्यांना सांगतो. खळी झाली की एका रविवारी प्रत्येक घर शेतातलं पहिलं काही तरी देवळात आणतं. कणसं, भोपळे, वांगी, ऊस, कोंबडी, अंडी, कुणाची पाटी भरून कांदे. उपासना झाली की देवळापुढच्या लिंबाखाली लिलाव. एक भोपळा तीस रुपयाला जातो, घेणारा तो परत देतो, पुन्हा पुकारा होतो, वीस रुपये. असा एकच भोपळा चार वेळा विकला जातो आणि शेवटी पाळकसाहेबांच्या घरी शिजतो. एका म्हातारीनं आणलेली चार अंडी होती, त्यातलं एक एकावन्न रुपयाला गेलं. घेणाऱ्यानं ते खिशात घातलं आणि सायकलवर बसताना फुटलं. त्याची टिंगल अजून चालते.

लिलावाला गावातली मराठा, माळी, मुसलमान माणसंही यायची. आक्का सुट्टीवर आली असताना पाटलांच्या सुनेचं बाळंतपण अडलं, रात्री बैलगाडीतून न्यायला वेळ नव्हता, आक्कानं घरीच सोडवणूक केली. तेव्हापासून पाटलांकडून दर हंगामाला एक पोतं बाजरी येते. पोत्याबरोबर निरोप असायचा, "धर्माला नाही, पोरीला." आम्ही वहीत तसंच लिहायचो.

पैशाखेरीज जाणाऱ्या वस्तू वेगळ्याच. तिकडं थंडी फार म्हणून महिला मंडळानं जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या. सहा बाया गोलाकार बसून टाके घालायच्या. आई एका बाजूला, काकू दुसऱ्या बाजूला. ज्या बाईचं मूल दुष्काळात गेलं होतं तिनं त्या मुलाचं झबलं मधल्या चौकोनात शिवलं. कुरडया, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, हे सगळं जाणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवायचं. आक्कानं पुढं लिहिलं की ती चटणी तिनं एका नॉर्वेच्या डॉक्टरणीला दिली आणि त्या बाई दोन दिवस पाणी पीत होत्या.

तिचं पत्र दर तीन महिन्यांनी यायचं आणि देवळात मोठ्यानं वाचलं जायचं. १९७८ च्या एका पत्रात तिनं लिहिलं की इथं आम्हाला धर्माचा प्रचार करायला मनाई आहे, सरकारशी तसा करारच झालेला आहे, आम्ही फक्त आजाऱ्यांची सेवा करतो. पत्र संपलं आणि तात्या उठले. तात्या आमच्या मंडळीचे वडीलधारे, बोलायला परखड. म्हणाले, "सुवार्ता सांगायचीच नाही, तर मग ती मिशनरी कशाची? नर्सचा पगार आपण का भरायचा? तो तिथलं सरकार भरील."

देवळात शांतता झाली. मला खरं तर तात्यांचं म्हणणं पटलं होतं. आजही त्यात काही तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. देणाऱ्याला विचारायचा हक्क असतो. पण काकू उठली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, देवळात ती कधी बोललेली नव्हती. पदर सावरत म्हणाली, "येशूनं आंधळ्याला डोळं दिलं, तवा आदी त्याच्याकडून वचन पाठ करून घेतलं व्हतं का? माझी पोर घाण काढती तिथं. ज्याला द्यायचं न्हाई त्यानं देऊ नगा, पर तिला मिशनरी न्हाई म्हनू नगा."

चाळीस रुपये चालू राहिले. दुसऱ्याच महिन्यात तात्यांनी स्वतःहून त्यात पाच घातले, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

१९८६ ला मी खजिनदार झालो. वही माझ्याकडं आली. लाल कापडाची बांधणी, आतला कागद पिवळा. दर महिन्याला संस्थेच्या कचेरीला ड्राफ्ट काढायचा, पावती चिकटवायची. रक्कम वाढत वाढत तीनशेवर आणि मग हजारावर गेली. आपल्या शंभर रुपयांचे तिकडं एकशे साठ होतात, १९९३ पासून हाच भाव ठरलेला आहे. मला ते वाचून उगाच बरं वाटायचं, जणू आमची बाजरी सीमेपलीकडं दीडपट होते.

१९९१ च्या मार्चमध्ये, ऊस गेल्यावर, पाळकसाहेब आणि मी तानसेनला जाऊन आलो. परदेशी गेलो, पण पासपोर्टाशिवाय, नेपाळला भारतीय माणसाला तो लागत नाही. मनमाडहून गोरखपूरची गाडी, तिथून सोनौलीची सीमा, मग बुटवल, मग वळणावळणाचा घाट. बसमध्ये मला तीन वेळा उलटी झाली. हॉस्पिटल डोंगराच्या उतारावर आहे. मी बाहेर पायरीवर बसलो असताना एक माणूस वर चढत आला. कपाळाला पट्टा, पट्ट्याला पाठीवर वेताची मोठी टोपली, तिला तिकडं डोको म्हणतात. टोपलीत त्याची आई बसलेली. दोन दिवस चालून आला होता. त्यानं टोपली टेकवली आणि तिथंच आडवा झाला. आतून एक बाई धावत आली, म्हातारीला टोपलीतून उचललं, नेपाळीत तिच्याशी काही बोलली. ती आक्का होती. मी तिला क्षणभर ओळखलंच नाही. तिनं मला पाहिलं, पण आधी म्हातारीला आत नेलं. मग तासाभरानं आली आणि पहिला प्रश्न विचारला, "पाऊस झाला का रे औंदा?"

रुग्णांचे नातेवाईक आवारातच चुली मांडून स्वयंपाक करत होते. संध्याकाळी त्या धुराचा वास आला आणि मला आमचं गाव आठवलं. आक्काच्या खोलीत ती गोधडी पलंगावर होती. झबल्याचा चौकोन विरला होता, त्यावर तिनं दुसरं ठिगळ लावलं नव्हतं.

हे सगळं सांगितलं ते पुढचं सांगायचं आहे म्हणून. ते सांगायला मी टाळाटाळ करतोय.

नेपाळात १९९६ पासून माओवाद्यांची लढाई सुरू झाली. जून २००१ मध्ये राजवाड्यात राजाचं कुटुंबच मारलं गेलं. पत्रं अनियमित झाली. बुधवारच्या प्रार्थनेला बाया आक्काचं नाव घेऊन रडायच्या. काकू तोवर गेली होती, आईही. मार्च २००४ मध्ये आक्का कायमची घरी आली. छप्पन्न वर्षं वय, गुडघे गेलेले, हातात एक पत्र्याची पेटी. संस्थेनं एकरकमी काही पैसे दिले होते, त्यात काकूच्या पडक्या घराची एक खोली उभी राहिली आणि गुडघ्यांवरची औषधं झाली. पेन्शन वगैरे नव्हती.

त्या वेळी आमच्या मिशन खात्यात शहाऐंशी हजार रुपये शिल्लक होते. देवळाचे पत्रे गळत होते, पावसाळ्यात व्यासपीठावर बादली ठेवावी लागायची. पंचांच्या बैठकीत विषय निघाला, स्लॅब टाकायचा. पैसा कुठून? सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी वही उघडली आणि म्हणालो, "आक्का आता घरी आली. ती कामावर होती तोवर आपलं देणं होतं. आता मिशन खातं मोकळं झालं."

हे मीच म्हणालो. ज्याच्या डोक्यात चतकोर भाकरीचा हिशेब होता, तोच. तात्या त्या बैठकीत होते, ऐंशीच्या पुढं गेलेले. ते म्हणाले, "तिला इच्यारलं का?" मी म्हणालो, विचारायचं काय, ती काही मागत नाही. एप्रिल २००४ पासून हजार रुपये बंद झाले. त्या उन्हाळ्यात स्लॅब पडला. छान झाला. उद्घाटनाच्या फळ्यावर पंचांची नावं आहेत, त्यात माझंही.

आक्का दर रविवारी देवळात यायची, मागच्या रांगेत बसायची. आल्या आल्या डब्याकडं जायची आणि पिशवीतून मूठ ओतायची. सत्तावीस वर्षं ज्या मुठीवर ती जगली ती मूठ आता ती दुसऱ्यासाठी टाकत होती. आम्ही तेव्हा सातपुड्यातल्या अक्राणी भागात एका जोडप्याला थोडी मदत सुरू केली होती, त्यांच्यासाठी. मला त्याचं कौतुक वाटायचं, याच्यापलीकडं काही वाटायचं नाही.

ती जमिनीवर बसू शकत नव्हती म्हणून तिचं धान्य तिनं एका प्लॅस्टिकच्या वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली, मी ते नंतर मोजून मोठ्या डब्यात ओतायचो. २००५ च्या डिसेंबरमध्ये, नाताळच्या आदल्या रविवारी, मी तो डबा ओतला आणि दाणे निवडायला घेतले. मूठभर धान्यात बाजरी होती, गहू होता, तांदूळ होता, चार दाणे मक्याचे होते, दोन हरभरे होते. बाजारात विकायचं म्हणजे असं मिसळलेलं चालत नाही, म्हणून मी मनात चरफडत निवडत होतो. निवडता निवडता हात थांबला.

ज्याच्या घरी बाजरीचं पोतं असतं त्याची मूठ बाजरीची असते. रेशनचा गहू असेल तर मूठ गव्हाची. असं पाच धान्यांचं मिसळण कुणाच्या घरात असतं, हे आम्हा शेतकऱ्यांना सांगावं लागत नाही. कुणाकडं इंजेक्शन दिलं, त्यानं वाटीभर गहू दिला. कुणाच्या सुनेचं पोट तपासलं, तिनं ओटीत तांदूळ घातले. कुणी सणाचं म्हणून आणून दिलं. त्यावर ती जगत होती, आणि त्यातली मूठ आम्हाला देत होती, आणि मी ती मोजून वहीत लिहीत होतो. एकवीस महिने.

मी तसाच तिच्या खोलीवर गेलो. ती उन्हात बसली होती. मला काही बोलता येईना. मी म्हणालो, "आक्का, तू सांगायचं तरी." ती म्हणाली, "काय सांगायचं रे? तुला दिसत नव्हतं का?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी त्याला उत्तर तरी शोधलं असतं.

आठवड्याभरात बैठक बोलावली. तिथं भांडण झालं, मोठं झालं. तरुण पंचांचं म्हणणं, एकीला दिलं तर उद्या मामांच्या मुलांनाही द्यावं लागेल, निवृत्त पाळकांनाही, याला अंत कुठाय? प्रश्न खोटा नव्हता. आमची मंडळी चाळीस-बेचाळीस घरांची, दोनच घरांत सरकारी पगार. मी म्हणालो, "माणूस पाठवताना आपण हात ठेवला तो डोक्यावर. परत आल्यावर काढून घेतला, हे कुठल्या वचनात आहे?" तात्यांनी काठी आपटली आणि म्हणाले, "आजवर मी लई बोललो हिच्या इरुद्ध. आता मह्या नावावर पंधराशे लिहा, जमल तवर." जानेवारी २००६ पासून महिना पंधराशे सुरू झाले. तात्या त्याच वर्षी गेले, पण त्यांच्या मुलानं त्यांचा शब्द पाळला.

त्याच जानेवारीच्या अखेरीस तानसेनवर हल्ला झाला, तिथला जुना दरबार जळाला. कुणीतरी फोन करून आक्काला कळवलं. ती दिवसभर कुणाशी बोलली नाही. संध्याकाळी मी गेलो तर म्हणाली, "डोको घेऊन येणारी माणसं आता कशी येत असतील?" आपल्याला वाटतं माणूस घरी आलं. ते कुठं आलेलं असतं, कुणाला ठाऊक.

मागच्या एकवीस महिन्यांचे एकवीस हजार मी तिला द्यायला गेलो होतो, दोन बैल विकून आलेल्या पैशातून. तिनं घेतले नाहीत. म्हणाली, "स्लॅब झाला ना? पाऊस डोक्यावर येत नाही आता. मीच बसते ना त्याच्याखाली." मग तिनं मला चहा केला. साखर कमी होती.

आक्का २०१९ साली गेली. तिला देवळामागच्या आमच्या स्मशानभूमीत ठेवलं. पाटलांच्या घरची सून, जिचं बाळंतपण तिनं केलं होतं ती आता आजी झालेली, ती मातीला आली आणि तिनं मूठभर बाजरी कबरीत टाकली. आमच्यात तशी रीत नाही. कुणी अडवलं नाही.

आता मुठीचं धान्य कमी येतं. जातं गेलं, गिरणीला पोतं जातं, नाही तर आटाच विकत येतो. सुना म्हणतात, मूठ कुठून काढायची? म्हणून पाकीट सुरू केलं आहे, त्यावर 'मिशन' छापलेलं असतं. मिझोरामात म्हणे १९१० पासून घरोघरी भात शिजवताना मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि ती चाल अजून मोडलेली नाही. एका संमेलनात तिकडचे पाळक भेटले होते, त्यांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, डोंगरातल्या बायांना जमतं ते आम्हाला का जमू नये. पण आपण पुरुषांनी हे बोलणं सोपं आहे, चूल कुठं आपल्याकडं असते.

अक्राणीतल्या जोडप्याचा निरोप आता मोबाइलवर येतो. डोंगरावर चढलं की नेटवर्क मिळतं, म्हणून एकदम पाच-सहा फोटो येतात. वसतिगृहातली पोरं, पावरी बोलीतली गाणी, भाजीचा वाफा. गेल्या वर्षी त्यांच्या मुलीला काविळ झाली तेव्हा पाकिटांत दुप्पट पैसे आले, कुणी सांगितलं नव्हतं तरी. आणि दोन जुन्या बाया अजून धान्य आणतात. त्यांच्यासाठी डबा ठेवलेला आहे, कोपऱ्यात, तोच.

या मार्चमध्ये मी खजिनदारी सोडली. एकोणचाळीस वर्षं झाली, डोळ्यांना आकडे दिसत नाहीत. वही नव्या पोराकडं दिली, तो बँकेत शिपाई आहे, हिशेबाला चोख. तो पानं चाळत होता. दर वर्षीच्या मार्चअखेरच्या पानावर, बेरजेच्या खाली, शिसपेन्सिलीनं एक ओळ होती. त्यानं विचारलं, "काका, हे काय? मागील बाकी एकवीस हजार. कुणाला देणं हाय? खोडू का?"

मी म्हणालो, "खोडू नको. पुढच्या पानावर ओढून घे."